सिंगतेलातली इटालियन बाई

लक्ष्मीकांतरावांना जाऊन सात महिने झाले, तरी त्यांनी रंगवलेली इटालियन बाई काही वाळली नव्हती.

रिटायर झाल्यावर ते नयनाबेनच्या तैलरंगांच्या वर्गाला जाऊ लागले. तिथला नियम एकच: पाचशे वर्षांपूर्वीचं एखादं इटालियन चित्र घ्यायचं आणि तसंच्या तसं उतरवायचं. त्यांनी निळ्या झग्यातली, मांडीवर हात ठेवून बसलेली बाई निवडली. झगा झाला. चेहराही झाला, फक्त तो त्यांच्या बहिणीचा, वाडीतल्या नीलिमाआत्याचा झाला. हात तेवढे राहिले.

ते हात पूर्ण करायचे म्हणून त्यांच्या मुलीने, मोहनाने, वर्गात नाव घातलं. चित्रावरचं फडकं काढलं तर झग्यावर तीन डास आणि एक मुंगळा कायमचे वस्तीला आलेले.

नयनाबेननी झग्याला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. "बेटा, या बाईला फाफड्याचा वास का येतो?" मग त्यांनी बाबांची तेलाची बाटली हुंगली. "अरे, आ तो सिंगतेल छे!"

मोहनाने तिथूनच घरी फोन लावला.

"आई, बाबांच्या रंगांच्या बाटलीत काय भरलंस?"

"तेल," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "जवसाचं संपलं होतं. तेवढ्यासाठी मांडवीच्या बाजारात कोण जातंय? डब्यातलं ओतलं. चांगलं फिल्टर्ड आहे."

"शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, आई."

"त्यांनी कधी तक्रार केली नाही हो."

केली होती. चित्र वाळत नाही म्हणून रोज जेवताना ते बडोद्याच्या हवेला नावं ठेवत.

नयनाबेननी रंग खरवडायचं पातं पुढे केलं. "सगळं खरवड. नव्याने कर. हे तर पुढच्या दिवाळीपर्यंत पण नाही सुकणार."

मोहनाने पातं हातात घेतलं. आत्या झग्यातून तिच्याकडे बघत होती. बाहीच्या कडेला बाबांचा अंगठा उमटला होता, चष्मा सावरून परत कॅनव्हासला टेकवलेला.

तिने पातं खाली ठेवलं, ब्रश उचलला आणि सरळ सिंगतेलात बुडवला.

"ए, ए! काय करतेस?"

मोहनाने ब्रश बाहीवरून मनगटाकडे ओढला. बाबांचा निळा त्याच्याबरोबर आला, तिच्या रंगात मिसळला. ती तासभर खाली मान घालून रंगवत राहिली.

नयनाबेननी मागून डोकावून मोजलं.

"बेटा, सहा बोटं?"

"एक पुसते," मोहना म्हणाली. "ओलंच आहे."