थंडोबाची बदली

"दूध खिडकीत ठेवता? बाहेरच्या बाजूला?" आईने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता आणि दोन्ही हातांनी एका स्कर्टच्या चुण्या मशीनखाली सरकवत होती. "आणि मांजर?"

आत्याने पलीकडून सांगितलं की तिकडची मांजरं असल्या थंडीत बाहेर पडत नाहीत, त्यांना अक्कल असते. आई म्हणाली, मग माणसांचं काय? यावर आत्या इतकी हसली की मशीनच्या खडखडाटातूनही मला ते ऐकू आलं.

हे सगळं बाबांमुळे चाललं होतं, आणि बाबा नेहमीप्रमाणे त्यात कुठेच नव्हते. माझे बाबा बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन ऑपरेटर. आत इतकी थंडी ठेवायची की बटाट्याला कोंब फुटू नये आणि इतकीही नाही की तो गोठून जावा, एवढं त्यांचं काम. त्यांच्या मालकांनी आत्याच्या गावाकडे, म्हणजे पार थंड प्रदेशात, नवीन स्टोरेज बांधलं होतं आणि तिथे जाणार का, म्हणून बाबांना विचारलं होतं. ही बातमी बाबांनी घरी दोन दिवसांनी सांगितली, तीही हात पुसता पुसता. "तिकडे जाता का विचारतायत."

मी म्हटलं, जिथे अख्खं गावच कोल्ड स्टोरेज आहे तिथे कोल्ड स्टोरेज कशाला? बाबा म्हणाले, तिकडे हिवाळ्यात उलटं असतं, बटाटे गोठू नयेत म्हणून आत ऊब द्यावी लागते.

"बटाट्यांची सोय झाली," आई म्हणाली. "आता आमचं बोला."

बाबा काय बोलणार? ते कामावरून आले की डोक्यावर गार पाणी ओतायचे, ओला टॉवेल मानेभोवती गुंडाळून दाराच्या पायरीवर बसायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "तुम्ही म्हणाल तसं." आम्ही त्यांना थंडोबा म्हणायचो. समोरही म्हणायचो. ते हसायचे. आई म्हणायची, स्वभावाला औषध कुठून आणू.

तेव्हा निर्णय घ्यायचं काम माझ्याकडे आलं. खरं म्हणजे कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं. मागच्या बाकावरून पुढे येऊन शाळेच्या वादविवाद संघात निवडून आल्यापासून मला प्रत्येक गोष्टीच्या दोन बाजू मांडायचा नाद लागला होता. आईच्या कपडे बेतायच्या टेबलावर तिच्याच खडूने मी दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'इथे', दुसऱ्यावर 'तिथे', आणि जाहीर केलं की दोन्हीकडचा खर्च मांडून न्याय होईल.

'इथे'मध्ये पंखा, कूलर, बर्फ, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, नासलेलं दूध, घामोळ्यांची पावडर, रोजचे घामट कपडे आणि त्यांना लागणारा साबण. 'तिथे'ची एकमेव साक्षीदार आत्या, आणि तीच वकीलही. फ्रीज लागत नाही, म्हणायची. भाजी आठवडाभर टवटवीत. कपडे चार-चार दिवस मळत नाहीत. आई मग उलटतपासणी घ्यायची. मळत नाहीत की तुम्ही बदलत नाही? आंघोळीला पाणी कशावर तापतं? कोळसा कोण आणून देतं, आणि वर चढवायचे वेगळे पैसे घेतो का? रजया किती? बूट किती? खिडक्यांना दुहेरी काच हवी तर ती घरमालक बसवतो की आपण? आत्या बिचारी एकेक कबूल करत जायची आणि मी एकेक रकान्यात टाकत जायचे. थंडीत माणसं खातातही जास्त, हे तिने सगळ्यात शेवटी आणि फार हळू आवाजात सांगितलं.

एकदा या हिशेबावर आईने न बघता शेजारच्या काकूंचे पांढरे पडदे पसरले. काकू दुसऱ्या दिवशी पडदा घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, काठावर हे कुठल्या भाषेत काय लिहिलंय? आई ओशाळली. तो 'कोळसा' होता, उलटा उमटलेला.

पण मेळ काही केल्या बसेना. बर्फाचे वाचले ते कोळशात गेले. दूध नासणार नाही, पण प्यायचं तर तापवायला हवं. पंखा बंद केला तर रजई हजर. दोन्ही रकाने एकमेकांकडे बघत ठाण मांडून बसले, वर्गातल्या दोन हट्टी मुलींसारखे.

शेवटी पारडं झुकवणारी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे आईची शिलाई. इथे आईला प्रत्येक गिऱ्हाइकाचा खांदा पाठ होता. कुणाचा उजवा उतरता, कुणाचं पोट सणासुदीनंतर वाढतं, कुणाला बाही लांब हवी असते पण तसं सांगायची लाज वाटते. तिकडे म्हणे लोक तयार कोट घेतात आणि तो फाटेपर्यंत घालतात. आई म्हणाली, तिथे मी काय शिवू, बर्फ? शिवाय गारठ्यात बोटं वळत नाहीत, ते वेगळंच. आणि मला तर माझी शाळा, माझा संघ सोडायचा नव्हता. म्हणजे दोन मतं नकाराची आणि एक 'तुम्ही म्हणाल तसं'. न्याय झाला, असं मी धरून चालले.

पण आई पडली शिंपीण. कापड हाताला लागल्याशिवाय भाव ठरवायचा नाही, हा तिचा नियम. ती बाबांना म्हणाली, "अहो, नाही म्हणायचं तर म्हणू. पण थंडी म्हणजे किती थंडी, ते एकदा बघू तरी द्या."

म्हणून एका रविवारी बाबा आम्हाला कोल्ड स्टोरेजमध्ये घेऊन गेले. मी तोवर तिथे कधीच गेले नव्हते. आईसुद्धा फाटकापर्यंतच, डबा द्यायला. घरात एकच स्वेटर होता, तो मी घातला. आईने रेनकोट चढवला आणि कानांना टॉवेल बांधला. भर उन्हात आम्ही दोघी अशा निघालो तेव्हा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली आणि विचारलं, "घरात सगळ्यांना ताप आलाय का?"

दार मोठं आणि जाड होतं. बाबांनी ते खांदा लावून ढकललं आणि आम्ही आत शिरलो. मातीचा ओलसर वास, पिवळे दिवे, छतापर्यंत रचलेली पोती. नाकातून आत गेलेली हवा कपाळापर्यंत टोचली. दार मागे बंद झालं, आणि बाबा बोलायला लागले.

बोलायला लागले म्हणजे थांबेचनात. म्हणाले, बटाटे श्वास घेतात, माहितीये? त्या श्वासाची ऊब साठते, म्हणून हवा खेळती ठेवायची, नाहीतर गुदमरून आतून काळे पडतात. त्यांनी माझा कान एका पोत्याला लावला. मला फक्त माझे दात वाजताना ऐकू आले. डावीकडच्या रांगेला ते घाईवाली म्हणत होते, कारण त्या बटाट्यांना जरा ढिलाई मिळाली की कोंब. कोपऱ्यातल्या कण्हणाऱ्या जुन्या मशीनचं नाव सासरेबुवा, सारखं कुरकुरणार, पण त्यांच्यावाचून घर चालत नाही. मालक आत आले की कसे दोन मिनिटं रुबाबात उभे राहतात आणि मग नाक पुसत घाईघाईने 'चालू द्या, चालू द्या' म्हणत बाहेर पळतात, त्याची नक्कल बाबांनी चालून दाखवली. आई रेनकोटमध्ये हात खुपसून हसत होती. मी हसता हसता बघत होते की हे कोण आहेत.

एक म्हातारे हमाल पोतं टेकवून थांबले. आईला म्हणाले, "वहिनी, घरी तुम्ही याला गप्प कसा बसवता, ते सांगा. इथे आम्ही याला रेडिओ म्हणतो."

"कुणाला?" आई म्हणाली. आणि खरंच तिने बाबांच्या मागे वळून पाहिलं, आणखी कुणी उभं आहे का ते.

निघताना बाबा आम्हाला एका उंदराची गोष्ट सांगत होते. त्या उंदराच्या अंगावर थंडीने इतके दाट केस आले होते की सगळे त्याला मॅनेजर म्हणायचे. हा मॅनेजर रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा, डब्यांवरून एक फेरी मारायचा, आणि एक दिवस काय झालं, तर...

दार उघडलं. बाहेरची हवा तोंडावर थापडीसारखी बसली. बाबा बोलत होते. फाटकापर्यंत बोलत होते. रस्त्याला लागल्यावर वाक्यं तोकडी झाली, मग शब्द लांब लांब पडायला लागले. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याने हात केला तेव्हा बाबांनी नुसती मान हलवली. आई थोडा वेळ वाट बघत चालली.

"मग?" ती म्हणाली. "त्या मॅनेजरचं काय झालं?"

"कुठला मॅनेजर?" बाबा म्हणाले.

ते चेष्टा करत नव्हते. त्यांचे डोळे ताप उतरलेल्या माणसासारखे झाले होते आणि मानेवर घाम होता. रोज याच वेळी, याच रस्त्याने, त्या गारव्यातून या भट्टीत ते घरी येत होते, आणि जे काही उरायचं ते आमच्या वाट्याला यायचं.  

घरी पोचल्यावर बाबा पायरीवर बसले. आईने रेनकोट काढायच्या आधी आत्याला फोन लावला.

"ताई, हे लहानपणी बोलायचे का हो?"

आत्या म्हणाली, बोलायचा? अगं, पाहुणे यायचे तेव्हा आम्ही त्याला गप्प बसायला खाऊ द्यायचो. मग म्हणाली, "लग्न झालं, तिथली नोकरी लागली आणि हा गप्प झाला, म्हणून मी इतकी वर्षं मनातल्या मनात तुलाच बोल लावत होते, वहिनी."

"आणि मी तुमच्या घराण्याला," आई म्हणाली.

आईने रेनकोटची बटणं एकेक सोडली. फोन चालूच होता. मग आईने विचारलं, "कोळशाची वखार घरापासून किती लांब पडेल?"

मी ओला कपडा घेतला आणि टेबल पुसून टाकलं.

आम्ही इकडे आलो आणि आता हिवाळा लागला आहे. माझ्या नव्या शाळेत वादविवाद संघ नव्हता. आता आहे, पण ती वेगळी हकिगत आहे. आईचं मशीन मात्र खिडकीशी गिऱ्हाइकांवाचून उभं होतं. तिचे घरातल्या सगळ्या पडद्यांना काठ लावून झाले, आत्याच्या पडद्यांना झाले, भांडी पुसायच्या फडक्यांनाही झाले. तक्रार तिने एकदाही केली नाही. फक्त रस्त्याने जाणाऱ्या लोकांच्या कोटांकडे बघत राहायची, भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या ताटाकडे बघावं तशी.

काल संध्याकाळी बाबा एकटे आले नाहीत. बरोबर त्यांच्या बसचा ड्रायव्हर होता. बाबा म्हणे रोज त्याच्या मागच्या सीटवर बसून घरापर्यंत बोलत येतात. काल बोलण्यात त्याच्या कोटाची चेन तुटल्याचं निघालं, आणि बाबांनी त्याला गाडी लावल्यावर सरळ घरीच आणलं. तो पायपुसण्यावर अवघडून उभा होता. "हे ऐकेचनात," तो आईला म्हणाला. "म्हणाले, आमच्या घरी बाई आहे, तिने एकदा शिवलं की कापड फाटेल, शिवण उसवणार नाही."

आईने बाबांकडे पाहिलं. हे बाबा तिच्याबद्दल कधी बोलले होते? आणि एका बसभर लोकांसमोर?

तिने कोट घेतला. तिने आजवर शिवलेल्या सगळ्या कापडांपेक्षा तो जड होता. ड्रायव्हर नुसत्या शर्टवर शेगडीजवळ बसला, बाबांनी खुर्ची ओढली आणि दुसऱ्या मिनिटाला सुरू झाले. आईने जाड सुई काढली, दोरा ओठांत ओला केला. नेढ्यात घालताना पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही चुकला. मी पुढे झाले तर तिने मानेनेच नको म्हटलं.

तिने सुई कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली, चहाचा गरम कप दोन्ही हातांत धरला आणि बसून राहिली. आईचे हात रिकामे बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते. ड्रायव्हर मोठमोठ्याने हसत होता, बाबा सांगतच होते, आणि आई कपाभोवतीची गारठलेली बोटं हळूहळू उघडमीट करत, ती पुन्हा आपली होण्याची वाट बघत, ऐकत होती.