हिरवा बावटा

हिरवा बावटा चढवून दादाने दोरी खुंटीला बांधली, तेवढ्यात कानसेन खोलीतून धावत आला. पाण्याखालचे आवाज यंत्रावर ऐकणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. एरवी उभ्या उभ्या डुलक्या घेणारा तो माणूस आज पांढराफटक पडला होता.

बंदराच्या तोंडाशी पोलादी जाळ्याचं फाटक होतं आणि ते दादाच्या ताब्यात. हिरवा बावटा म्हणजे या, तांबडा म्हणजे बाहेरच थांबा. समोरून येत होती ती मालबोट त्याच्या धाकट्या भावाची. सकाळच्या बोटींच्या तांड्याबरोबर यायची, ती दुपार उलटल्यावर एकटीच येत होती. उशीर त्या पोराच्या पाचवीलाच पुजलेला. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचून वर नवरीलाच म्हणाला होता, इतकी काय घाई.

कानसेनने बंदराच्या साहेबांना सांगितलं ते दादानेही ऐकलं. मालबोटीच्या पंख्याच्या आवाजात दुसऱ्या पंख्याचा आवाज मिसळला होता. वर तर एकच बोट दिसत होती. म्हणजे दुसरी, शत्रूची पाणबुडी, तिच्या पोटाखाली असणार, तिच्या आडून आत शिरायला टपलेली.

बंदरात सैनिकांनी खच्चून भरलेली दोन जहाजं उभी होती. फाटकाबाहेरच्या अरुंद वाटेत तळाशी सुरुंग पेरलेले होते आणि त्यांची कळ साहेबांच्या टेबलावर होती. दादाचा हात तांबड्या बावट्याकडे गेला.

"हिरवाच राहू दे," साहेब म्हणाले.

"साहेब, तिच्यावर माझा भाऊ आहे."

"माहीत आहे. वरची वळली की खालचीही वळेल. मग उद्या दुसऱ्या कुणाच्या भावाखालून येईल."

बावटा उतरवायला एक हिसका पुरे होता. त्याने जहाजांकडे पाहिलं. कठड्यावर पोरं बनियन वाळत घालत होती, आणि त्याला त्या पोरांचा मनापासून राग आला. त्याने दोरी धरली ती नुसतीच धरून ठेवली. बोट जवळ आली तेव्हा भावाने टोपी हलवली. दादानेही हात हलवला. सवयीने हलवला की भावाला संशय येऊ नये म्हणून, हे त्याला पुढे कधीच ठरवता आलं नाही.

साहेबांनी कळ दाबली.

पाणी उसळून खाली बसलं, तेव्हा वर नुसतं तेल पसरलं होतं. दादा साहेबांबरोबर होडीतून गेला. भाऊ सापडला नाही. सापडल्या त्या निळ्या लाकडी फळ्या, मासेमारीचं जाळं आणि मासळीच्या टोपल्या. भावाची बोट सगळी लोखंडी, आणि पाणबुडीत टोपल्या कोण ठेवतं? एका निळ्या फळीला जाडजूड दोरखंड अजून बांधलेला होता. दादाला कळायचं ते कळलं. सुकाणू मोडलेली कुणाची तरी लाँच भाऊ मागे बांधून आणत होता, आणि त्याच्यावर भार नको म्हणून तिनेही आपलं इंजिन चालू ठेवलं होतं. समोरून बघणाऱ्याला ती दिसणारच नव्हती. आजचा उशीर तिच्यापायी झाला होता.

साहेबांनी ती फळी हातात घेऊन पाहिली आणि पाण्यात सोडून दिली.

"तेल पुष्कळ आहे," ते म्हणाले. "एका बोटीचं एवढं नसतं."

दादाने होडी किनाऱ्याकडे वळवली.

घरी बातमी त्याच्या आधीच पोचली होती. भावजय भिंतीला टेकून बसली होती. आई रडत नव्हती. तिने त्याचं मनगट पकडलं.

"पाणबुडी बुडाली ना?"

"बुडाली."

"मग फुकट नाही गेला माझा पोरगा. हिला सांग. मघापासून विचारतेय. नीट, पहिल्यापासून सांग."

दादा भावजयीसमोर बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. तिने मध्येच मान वर केली.

"भाऊजी, तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली," तो म्हणाला. "काळी होती. लांबलचक."

शेजारीपाजारी दारात जमले होते. मागच्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून आईने त्याला जरा मोठ्याने सांगायला लावलं.