धूळ कुणी पुसली

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, जरा जोरात. ढिम्म!

काल संध्याकाळपर्यंत हेच कॉम्प्युटरचं मशीन गुणी बाळासारखं चालत होतं. सुटे भाग आणून, एकेक स्क्रू पिळून मी ते स्वतः बांधलंय. तेव्हा सासूबाई शेजारी टॉर्च धरून बसल्या होत्या आणि ‘ही तार कुठे गं जाते?’ विचारून माझं डोकं खात होत्या. मशीन कुरकुरतं, तापतं, पण असं तोंड फिरवून बसत नाही. आणि बसावं कधी, तर आज? दहा वाजता माझी घरूनच द्यायची ऑनलाइन परीक्षा होती. दुसऱ्या शहरातली, इमारतींचे नकाशे काढायची नोकरी, आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर घरात फक्त याच मशीनवर. आजची परीक्षा चुकली तर पुन्हा बोलावणार नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. नवरा चहात बिस्किट बुडवत होता.

“बंद पडलं का?” त्यानं विचारलं.

बंद पडलंय, हे मी बोललेच नव्हते!

“तुला कसं कळलं?”

“तू ते बटण आत घालवशील अशी दाबतेयस, म्हणून.”

उत्तर तयारच होतं साहेबांचं. नोकरी लागली तर मी निदान वर्षभर तिकडे एकटी राहणार, हे ठरल्यापासून हा माणूस ‘जा की’ म्हणतो, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आधी प्लगकडे वळले. त्याच सॉकेटला मिक्सर लावून पाहिला, तो घरघरला. मशीनच्या मागचा खटका चालू. जाळीतून डोकावले तर बोर्डावरचा हिरवा दिवाही लागलेला. म्हणजे वीज आतपर्यंत येत होती, आणि तरीही बटणाचं कुणी ऐकत नव्हतं.

“आई, काल मी झोपल्यावर इथं कोण बसलं होतं?”

सासूबाई भाजी निवडत होत्या. एरवी विचारलं नाही तरी मत देणारी बाई. आज मान वर न करता म्हणाल्या, “कोण बसणार?”

आईसुद्धा लेकाला सामील! मी तणतणत मशीनची बाजू उघडली आणि हातातला स्क्रू तसाच राहिला.

आत लखलखीत होतं. ‘रविवारी बघू’ म्हणत मी साठू दिलेली धूळ गायब. पंख्याचं एकेक पातं पुसलेलं. आणि कोपऱ्यात, बटणापासून बोर्डापर्यंत येणारी बारीक तार तिच्या दोन पिनांवरून काढून, छान गुंडाळून बाजूला खोचलेली.

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना एकदम टेकवलं. भर्रकन पंखे फिरले. मशीन ठणठणीत होतं.

नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं कप उचलल्यावर खालचा ओला गोल कधी पुसलेला नाही. हा चोरी करेल एकवेळ, पण चोरी करताना फडकं मारणार नाही. ते या घरात एकाच माणसाला जमतं.

त्याच्याशी भांडायला मी कंबर कसून तयार होते, यांच्याशी कशी भांडणार?

“आई,” मी हळू विचारलं, “पुसताना निघाली असेल ना तार?”

नुसतं ‘हो’ म्हणाल्या असत्या तरी मी सोडून दिलं असतं. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

“नाही गं. काढली मी. मग उघडलंच आहे तर म्हटलं, केवढी ती धूळ.”

“पण का?”

“तू गेल्यावर या घरात माझ्याशी बोलणार कोण? हा?” त्यांनी लेकाकडे हात केला. “हा बिस्किटाशी बोलतो.”

नवऱ्यानं बिस्किट खाली ठेवलं. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. दहा वाजत आले होते. मी तार उचलायला हात घातला, तशा सासूबाई ताडकन उठल्या.

“आधी मागचा खटका बंद कर! हात घालायच्या आधी बंद करायचा, तूच ना सांगितलंस?”

मी मुकाट बंद केला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, तार उलगडली आणि बरोबर त्याच दोन पिनांवर बसवली. खटका चालू करून त्यांनी स्वतः बटण दाबलं. पडदा उजळला.

“आई, रागावले नाहीये मी,” मी म्हणाले.

“ते राहू दे.” त्यांनी खुर्ची ओढली आणि टॉर्च धरून बसायच्या तशाच माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी त्यांच्यावर रोखायला हवी होती ती संशयाची नजर आता त्यांनीच माझ्यावर रोखली होती.

“माझ्यासाठी मुद्दाम चुकायचं नाही हं,” त्या म्हणाल्या. “मी बघतेय.”