उन्हातली जाळी

शेडची ताडपत्री माझ्याच दोराने बांधली होती. वारा उठला आणि दोर तटकन तुटला. उरलेला तुकडा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तोही तुटला.

त्याच मालाचे दोन दोर त्या क्षणी समुद्रात होते. एक आमच्या ह्यांच्या, म्हणजे दिपेशच्या बोटीवर आणि दुसरा नारूकाकांच्या. दोन्ही नांगराला.

दोन वर्षं मी डहाणूच्या किनाऱ्यावर वाहून आलेली फाटकी जाळी गोळा करतेय. धुते, निवडते, तलासरीच्या कारखान्यात पाठवते. तिथे ती वितळवून धागा काढतात आणि मी त्याचे दोर वळते. लोक हसायचे, हेतल कचऱ्याला नांगर बांधणार! माझं डोकं फिरायचं. या खेपेला गोणी भरेना, तेव्हा बोंबील वाळत घालतो त्या वलांडीवर कावळे बसू नयेत म्हणून टाकलेली जुनी जाळी ओढली आणि कोंबली गोणीत. चार उन्हाळे उन्हात करपलेली जाळी! असल्या जाळ्यात जीव नसतो, हे मासेमाराच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं. पण मला लोकांना दोर दाखवायचा होता.

धावत मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात गेले. वायरलेस सांभाळायला भाविक बसला होता.

"दोन्ही बोटी वाऱ्यात सापडल्या, वैनी. खडकाच्या बाजूला नांगर टाकून थांबल्यात."

माईक घेऊन दिपेशला हाक मारली, पण खरं सांगवेना. वायरलेसला साऱ्या बंदराचे कान लागलेले असतात. एकदा बोलले की माझा दोर कोणी फुकटही नेणार नाही. खोटं कशाला सांगू, नवरा वादळात होता आणि मी अब्रूचा विचार करत होते.

"अहो, नांगराला जुना दोर लावा. आत्ताच्या आत्ता."

"या वाऱ्यात? येडी झाली काय?"

"लावा ना!"

"पन का?"

मला रडू फुटलं. "माझा दोर कच्चा हाय. वलांडीवरची जाळी घातली मी त्यात. हातानं तुटतो."

पलीकडून नुसती खरखर. महालक्ष्मीला किती हाका मारल्या, मलाच ठाऊक.

बऱ्याच वेळाने दिपेशचा आवाज आला. त्याला धाप लागली होती. "दुसरा नांगर टाकला, जुन्या दोरावर. तुझा तुटला, गेला नांगरासकट."

मी पदर डोळ्यांना लावला.

"रडू नको आता. काकांची बोट दिसत नाय मला. हाक मार त्यांना."

"नारूकाका, हेतल बोलते. माझ्या दोरावर राहू नका. दुसरा नांगर टाका."

खरखर. भाविकने आवाज वाढवला. मी तेच पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा.

दारात नारूकाकांची बायको सोनूबाई येऊन उभी राहिली होती. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी तशीच.

"काय सांगते गो त्यांना?" तिने विचारलं. "आन् ते काय बोलतात?"