आठ खिसे, एकच कोट

थोरल्या सुनेला घरात 'ब्रेक' म्हणत, आणि ते तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत फक्त धाकट्या दिराची होती. तिला नावाचा राग नव्हता. ब्रेक हवा म्हणून हट्टानं तिला बसवणारे हेच, आणि आता लागतो म्हणून कुरकुरणारेही हेच, याचा मात्र होता.

सासऱ्यांचा छापखाना होता. त्यातलं जुनं यंत्र कायमचं बसलं, तेव्हा घरामागची जागा विकून पैसा उभा केला. तरी नव्या यंत्राला तो कमीच पडत होता. जन्मभर घरचं यंत्र चालवलेला तिचा नवरा दुसऱ्याच्या छापखान्यात पाळीवर जाऊ लागला. तिथला मालक त्याच्यापेक्षा वयानं लहान होता आणि त्याला 'ए' म्हणून हाक मारायचा. धाकटा म्हणाला, "कमी पडतंय ते मी चलनाच्या सौद्यांतून काढून देतो." थोरलीनं लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं सौदे करणाऱ्या एका कंपनीत जोखमीवर नजर ठेवायचं काम केलं होतं. कोणी केवढा सौदा करायचा, हे ती ठरवायची. म्हणून जागेचे पैसे घालून खातं तिच्या आणि नवऱ्याच्या नावावर उघडलं. कोणतं चलन घ्यायचं आणि कोणतं विकायचं, हे धाकट्यानं बघायचं. सौद्याचा आकार तिनं ठरवायचा. तिचा नियम एकच होता. एक सौदा चुकला, तर खात्यातल्या शंभरातले दोनच भाग जावेत. त्याहून मोठा सौदा करायचा नाही.

अमेरिकेतल्या महागाईच्या आकड्याची घोषणा व्हायची होती त्या संध्याकाळी ती मागच्या खोलीत चहा घेऊन गेली. पडद्यावर आठ सौदे उघडे होते.

"भाऊजी, हे काय?"

"आठ सौदे. प्रत्येक दोन टक्क्यांचा. तुमचाच नियम आहे, वहिनी. हवं तर मोजून घ्या."

तिनं यादीवरून नजर फिरवली. प्रत्येक ओळीत एका बाजूला वेगळं चलन होतं आणि दुसऱ्या बाजूला डॉलर. आठही ओळींत डॉलर विकलेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा एकच सौदा आहे, भाऊजी. सोळा टक्क्यांचा. डॉलर वर गेला की आठही एकदम बुडतील."

"अहो, आठ वेगळ्या देशांची चलनं आहेत."

"खिसे आठ आहेत, कोट एकच आहे. चोर खिसे कापत बसणार नाही, कोटच उचलून नेईल."

खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांनी या धंद्यातले चार शब्द उचलले होते आणि ते चारही वापरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "पण तोटा थांबवायचा भाव लावलाय ना त्यानं?"

"बाबा, घोषणेच्या वेळी भाव उडी मारतो. आपण लावलेल्या ठिकाणी तो थांबत नाही, पार पलीकडे जाऊन पडतो. सोळाचे तीस कधी होतील ते कळणारही नाही. भाऊजी, एक ठेवा, बाकीचे बंद करा. आत्ता."

"सूनबाई," सासरे म्हणाले, "नियम तू केलास, त्यानं पाळला. आता ऐन वेळी नियमच बदलतेस?"

एकाच बाजूला आठदा पैसा लावला तर तो एकच धरायचा, हे तिच्या कंपनीत नव्या माणसालाही सांगावं लागत नसे. घरात सांगायला हवं होतं. पण म्हणून जाणूनबुजून पळवाट काढणाऱ्यानं साव म्हणून मिरवावं? धाकट्यानं तर कप उचलून चहाचा घोटही घेतला.

ती स्वतः सौदे बंद करायला पुढे होणार, तेवढ्यात घोषणा झाली. डॉलर घसरला, आणि घसरतच गेला. आठही ओळी नफ्यात आल्या. बघता बघता खात्यातला आकडा यंत्राची किंमत ओलांडून वर गेला. धाकटा खोलीभर नाचला. सासऱ्यांनी त्याची पाठ थोपटली आणि सुनेकडे असं पाहिलं, जणू चोर तीच होती.

तिचं डोकं फणफणत होतं. एखाद्यानं डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि गाडी आली नाही, म्हणून तो काय शहाणा ठरतो? इथे तर हारतुरे घालायचेच बाकी होते. हरला असता तर निदान शिकला असता, असंही तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला भीती वाटली. कारण बुडाले असते ते नवऱ्याच्या यंत्राचे पैसे.

रात्री नवरा आला. नखांत शाई, आणि बसताना गुडघ्यावर हात. जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "यंत्राचे पैसे झाले. उद्या काढून घेऊ."

"काढायचे कशाला?" धाकटा म्हणाला. "पुढच्या घोषणेला हेच चार-चार टक्क्यांनी लावू. दोन यंत्रं येतील, वहिनी."

सासऱ्यांनी मान डोलावली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "एवढं जमलंय, तर आणखी एकदा बघायला काय हरकत आहे?"

दिराचा राग तिनं गिळला होता, सासऱ्यांचाही. हा काही गिळता येईना. ती ज्याच्यासाठी संध्याकाळी भांडली, तोच आता मेजवानीच्या पंगतीत बसला होता. ती ताटावरून उठली, हात धुतले, फोन घेतला आणि सगळ्यांदेखत खात्यातली पै न् पै बँकेत वळवली. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन यंत्राचे पैसे भरून आली.

यंत्र आलं. पुढची घोषणाही आली, आणि डॉलर पुन्हा घसरला. तेव्हापासून रोज जेवताना धाकटा किती मिळाले असते तो आकडा सांगू लागला. सासरे म्हणत, "लक्ष्मी टिळा लावायला आली, आणि आमची सून तोंड धुवायला गेली." बाजार तिच्या बाजूनं साक्ष द्यायला काही येणार नव्हता.

एका दुपारी ती छापखान्यात डबा घेऊन गेली. नवरा यंत्राला कागद लावत होता. चेहरा उजळलेला, पाठ ताठ. तिला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात तो रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाला, "तू थांबली असतीस, तर तिथे दुसरं उभं असतं."

तिनं डबा आपटला. "आणि भाव उलटा गेला असता तर हेही नसतं. आज तुम्ही पुन्हा त्या पोरसवदा मालकाच्या 'ए'ला ओ देत असता, आणि घरी येऊन मला म्हणाला असता, तुला एवढं कळत होतं, तर अडवलं का नाहीस?"

त्यानं यंत्र बंद केलं. कपाळ पुसलं. खोटं बोलणारा माणूस तो नव्हता.

"हो," तो म्हणाला. "म्हणालो असतो."

"मग आज जेवताना ते बाबांसमोर म्हणा. भाऊजींनी आकडा सांगायच्या आधी."

त्यानं यंत्र पुन्हा सुरू केलं आणि काही ऐकूच आलं नाही अशा थाटात कागद लावू लागला.