क्लॅरिनेटवाल्याचा पुढचा दात

दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवं व्हायला सांगितलं, तेव्हा त्यानं आधी पिशवीतून क्लॅरिनेट काढलं, तुकडे एकमेकांत बसवले आणि ते तोंडाला लावून दाखवलं. वरचा पुढचा दात नेमका तिथंच टेकत होता. त्याच दातानं आठवडाभर त्याला जीव नकोसा केला होता. ओठ सुजून नाकाला भिडला होता, तरी आपण बँडमधले पहिले क्लॅरिनेटवाले आहोत, हे त्याला डॉक्टरीणबाईंना पटवून द्यायचं होतं.

त्यांना ते पटलंही. दात वाचेल, त्या म्हणाल्या. मुळातली घाण काढायची, औषध भरायचं, वरून टोपी बसवायची. फक्त सरकारी विम्याच्या कार्डावर यातलं काहीच होत नाही. खिडकीतल्या कारकुनानंही मघाशी हेच सांगितलं होतं. दात उपटणं योजनेत बसतं, वाचवणं बसत नाही. नियम करणाऱ्यांचे स्वतःचे दात शाबूत असणार, त्याशिवाय असलं काही सुचायचं नाही.

पदरचा खर्च करायचा तर कमाई बँडची, आणि बँडमध्ये वाजवायचं तर दात हवा. हंगाम संपेपर्यंत नुसत्या गोळ्या द्या, अशी गळ त्यानं घालून पाहिली. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. पू हाडाकडे निघाला होता, आता थांबणं म्हणजे जिवाशी खेळ. दात गेल्यावर बँडवाले फार तर झांजा हातात देतील, हे त्याला ठाऊक होतं.

त्याची बायको इस्पितळातल्या चादरींना इस्त्री करायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती सोबत आली होती आणि इतका वेळ त्याची पिशवी धरून उभी होती.

"काढून घ्या," ती म्हणाली.

"तुला बोलायला काय जातंय?"

तिनं ते मनावर घेतलं नाही. त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

"सुई टोचते तेवढीच. मग कुणीतरी ओढतंय असं वाटतं नुसतं. कडकड वाजतं, त्याला घाबरू नका."

"तुला काय माहीत?"

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवता चढवता तिच्याकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही घरी सांगितलंच नाही?"

तेव्हा कुठं तिनं बोटानं गाल ओढून धरला. डावीकडे मागं एकही दाढ नव्हती. उजवीकडे एक उरली होती, तीही कललेली. हिरड्या पार गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणजे ही कालपरवाची गोष्ट नव्हती. इतकी वर्षं रोज समोरासमोर बसून जेवलेल्या माणसाला शरमेनं मान वर करवेना.

"कधी?"

"तुम्ही कार्यक्रमाला बाहेरगावी गेलात की यायचे. परत आलात की काय काय वाजवलंत ते सांगत बसायचात. मग राहून जायचं."

त्यानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. डॉक्टरीणबाई सुई भरून थांबल्या होत्या.

"मग तू जेवतेस कशी?"

हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं. ती क्षणभर गोंधळली.

"जेवते हो," ती म्हणाली आणि त्याच्या मांडीवरचं क्लॅरिनेट तिनं उचलून घेतलं. "तुम्ही आधी आ करा बघू."