एका जॅकेटला तीन चुका

जॅकेटच्या कॉलरला लटकवलेल्या चिठ्ठीवर तिचा फोटो, आणि खाली: ‘एका कारागीर बहिणीने प्रेमाने, हाताने केलेले भरतकाम.’

प्रेमाने! रागाने केलं असतं तर टाका काय वाकडा पडला असता?

जिचा हा फोटो, तिला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नाव सासूनं ठेवलं, पण फुकट नाही. आधी सहा वर्षं सुनेचं एकेक काम उसवून टाकलं. सातव्या वर्षी म्हातारीनं कापड उलटं करून पाठीवरून अंगठा फिरवला आणि काहीच बोलली नाही. त्या घरात यापेक्षा मोठं कौतुक नाही. तिथं काम उलटंच हातात देतात. आधी पाठ बघायची, मग तोंड. गाठ नको, लोंबता दोरा नको. “तोंड कुणीही रंगवील,” असं म्हातारी म्हणे.

जॅकेटांची ऑर्डर देणारी डिझायनर बायकांच्या भरतकामाच्या खोलीवर आली. चपला न सांगता बाहेर काढणारी, सगळ्यांची विचारपूस करणारी. वाईट असती तर बरं झालं असतं.

ओळंबानं जॅकेट उलटं करून दिलं. तिनं सुलटं केलं.

“सुंदर, ताई. पण जरा जास्तच सुंदर.”

“म्हणजे?”

“गिऱ्हाइकांना मशीनचं वाटतं. परत पाठवतात. दोन-तीन टाके लहान-मोठे आले, तर हाताचं वाटेल. एका जॅकेटला तीन चुका, बस.” कुठं कुठं, ते तिनं कागदावर गोल करून आणलं होतं.

खिडकीपाशी बसलेली जाऊ ओरडली, “घ्या! जन्मभर वाकड्या टाक्यांपायी बोलणी खाल्ली. आले एकदाचे माझे दिवस!”

खोली हसली. ओळंबा नाही हसली.

पहिली चूक.
घालायला बसली. सुई कापडात गेली आणि सवयीनं नेमकी जिथं निघायची तिथंच निघाली. पुन्हा केलं, पुन्हा सरळ. हात तिचा, पण ऐकेल तर शपथ!

दुसरी चूक.
मोजून वाकडे टाके घातले. डिझायनरनं बघितले. “ताई, चुकासुद्धा एकसारख्या आल्यात हो.”

तिसरी चूक.
दातओठ खाऊन घातली. जमली. जमल्याचाच संताप आला. जॅकेट घरी नेलं आणि, सवयच ती, उलटं करून सासूच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीला आता दिसत नाही, ती अंगठ्यानं वाचते. अंगठा चालत राहिला, चालत राहिला, आणि थांबला.

“हे कुणाचं?”

“माझं.”

ओरडली असती, उसवलं असतं, तर चाललं असतं. म्हातारीनं चाचपत हात वर नेला आणि सुनेच्या कपाळावर ठेवला.

“ताप आहे का गं तुला?”

काय सांगायचं? की माझ्याच फोटोखाली मला अडाणी दिसायचंय, तशी ऑर्डर आहे?

ती चूक ओळंबानं स्वतः उसवली.

दुसऱ्या दिवशी तिनं डिझायनरपुढं जॅकेट ठेवलं, पाठ वर करून. तीन जागा मोकळ्या सोडलेल्या. वर ओवलेली सुई.

“बसा. तीनच आहेत.”

“मी? ताई, मला कुठं येतं?”

“म्हणूनच. तुम्हाला सहज जमेल.”

डिझायनर हसली. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा बसली. पहिल्याच टाक्याला बोट टोचलं. तिसऱ्यापर्यंत पाठीवर दोऱ्याचा गुंता झाला, पावट्याएवढा.

“थांबा, उसवते मी,” ती घाईनं म्हणाली.

“खबरदार! गिऱ्हाइकाला हवंय ना?” ओळंबानं कात्री उचलली आणि कॉलरची चिठ्ठी कापली, स्वतःच्या तोंडासकट. “इथं तुमचा फोटो लावा.”

जाऊ खिडकीतून हळूच म्हणाली, “ऑर्डर गेली, बाई.”

“जाऊ दे.”

डिझायनरचं बोट तोंडात होतं. ओळंबानं पेटीतून नवं कापड काढलं, सुई ओवली, आणि खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझ्या सासूला ताप विचारायला लावला हिनं.”